प्रश्न वाचकांचे : भुईकाट्याचा आकडा संगणकापर्यंत

कापसाचा हंगाम सुरू झाला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांत या वेळी एकच अडचण निरनिराळ्या रूपांत मांडलेली आहे. यंत्र आपले काम चोख करते, संगणकही धडधाकट आहे, पण दोघांच्या मध्ये बसवलेला इंटरफेस बोर्ड आकडा नीट पोहोचवत नाही. त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रे लांब होती, म्हणून मुद्दा तेवढा ठेवून ती संक्षिप्त केली आहेत. पहिल्या पत्राला सर्वाधिक जागा दिली आहे, कारण त्यातल्या चुकीची किंमत शेतकऱ्याला मोजावी लागते.

प्रश्न : चाळीसगाव तालुक्यात आमची जिनिंग आहे. भुईकाट्याच्या इंडिकेटरमधून, म्हणजे वजन दाखवणाऱ्या पेटीतून, वजन थेट संगणकात घेऊन आम्ही काटापावती छापतो. जुना संगणक बिघडला आणि नव्या संगणकाला नऊ पिनांचा सिरियल पोर्ट नाही, म्हणून बाजारातून यूएसबी कन्व्हर्टर आणला. आता इंडिकेटरवर १५३६० दिसत असताना पडद्यावर ±५३६० उमटते. २ च्या जागी कधी वर चढलेला बारीक २ येतो, मात्र ०, ३ आणि ५ नेहमी बरोबर येतात. केबल दोनदा बदलून झाली. शिवाय जुन्या संगणकावरही हंगामात दोन-तीन वेळा वजनाचा पहिला आकडा गळून पावती छापली गेली होती आणि ती चूक शेतकऱ्यानेच दाखवून दिली होती. कन्व्हर्टर काढून टाकून स्वतःचा बोर्ड बनवून घ्यावा का? संगणक काट्याच्या केबिनमधून साठ मीटरवरच्या ऑफिसात हलवण्याचाही विचार आहे.

उत्तर : पडद्याचे छायाचित्र आपण सोबत पाठवले हे फार चांगले केले, कारण निदान त्या छायाचित्रातच आहे. केबल पुन्हा बदलू नका आणि कन्व्हर्टरही टाकून देऊ नका. व्होल्टेज, वेग आणि तारांची जोडणी या तिन्ही गोष्टी आपल्याकडे बरोबर आहेत. चूक फक्त पॅरिटीच्या सेटिंगमध्ये आहे.

सिरियल पद्धतीत प्रत्येक अक्षराचे बिट एकामागोमाग एक पाठवले जातात. आधी सुरुवातीचा एक बिट, मग अक्षराचे सात किंवा आठ, ठरले असल्यास पॅरिटीचा एक आणि शेवटी थांब्याचा एक. आपला इंडिकेटर सात बिट आणि सम पॅरिटी या रीतीने पाठवतो, म्हणजे अक्षरातल्या १ या बिटांची एकूण संख्या सम राहावी म्हणून शेवटी गरजेप्रमाणे ० किंवा १ जोडतो. नव्या संगणकावर मात्र आठ बिट आणि पॅरिटी नाही असे ठरलेले आहे. दोन्ही रीतींत एकूण बिट दहाच होत असल्याने संगणकाला कोणताही संशय येत नाही आणि पॅरिटीचा बिट तो अक्षराचाच आठवा बिट समजून वाचतो. ०, ३, ५, ६ आणि ९ यांच्या आस्की संकेतात, म्हणजे संगणकाने प्रत्येक अक्षराला दिलेल्या ठरीव क्रमांकात, १ ची संख्या मुळातच सम असते, त्यामुळे ते अंक जसेच्या तसे येतात. १, २, ४, ७ आणि ८ यांच्यात ती विषम असते, म्हणून त्यांच्या संकेतात १२८ ची भर पडते. १ चा संकेत ४९ आहे. त्यात १२८ मिळवले की १७७ होतात आणि १७७ म्हणजे आपल्या पडद्यावर दिसणारी ± ही खूण. २ चा संकेत ५०, त्याचे १७८ झाले की वर चढलेला बारीक २ येतो. वजनाच्या सॉफ्टवेअरमध्ये पोर्टची सेटिंग उघडून सात बिट, सम पॅरिटी आणि एक स्टॉप बिट असे ठरवावे. वेगाला हात लावू नये, कारण वेग चुकला असता तर एकही अंक धड दिसला नसता.

ज्यांच्या पडद्यावर असा अर्धवट नव्हे तर पूर्ण गोंधळ दिसतो, त्यांच्यासाठी थोडे सविस्तर लिहितो. सॉफ्टवेअरकडे वळण्याआधी मल्टिमीटर हातात घ्यावा. नऊ पिनांच्या सिरियल पोर्टच्या आरएस-२३२ या मानकात, जे अमेरिकेत १९६० मध्ये प्रथम आले, तार निवांत असताना तिच्यावर उणे व्होल्टेज असते. उणे ३ च्या खाली गेले की १ आणि अधिक ३ च्या वर गेले की ० असे घेणारा चिप मानतो. मीटरची काळी पिन पाच क्रमांकाच्या पिनेवर, म्हणजे ग्राउंडवर, धरून लाल पिन आधी दोनवर आणि मग तीनवर टेकवावी. ज्या पिनेवर उणे ५ ते उणे १२ यांच्या दरम्यान आकडा दिसेल ती इंडिकेटरची बोलणारी तार आहे. इंडिकेटर सतत वजन पाठवत असेल तर हा आकडा स्थिर राहत नाही, तो थरथरत शून्याच्या बाजूला सरकतो. ही थरथर दिसली की डेटा येतो आहे याची खात्री बाळगावी. उणे व्होल्टेज न दिसता अधिक ५ किंवा अधिक ३.३ दिसले, तर ते टीटीएल पातळीचे, म्हणजे चिप आपसांत वापरतात त्या कमी व्होल्टेजचे, आउटपुट आहे आणि त्याला आरएस-२३२ चा कन्व्हर्टर चालणार नाही. जुन्या काही इंडिकेटरांत लांबच्या डिस्प्लेसाठी २० मिलिअँपिअरचा करंट लूपही असतो, त्याचे गणित पूर्ण वेगळे आहे.

स्वतःचा बोर्ड करायचाच असेल तर त्याचे मुख्य काम आरएस-२३२ आणि टीटीएल या दोन पातळ्यांमधले दुभाषीपण आहे. १९८७ मध्ये आलेला मॅक्स२३२ हा चिप आजही जळगावच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सहज मिळतो. पाच व्होल्टच्या पुरवठ्यावर तो चार कॅपॅसिटरांच्या मदतीने आधी व्होल्टेज दुप्पट करतो आणि मग ते उलटे करून उणे बाजू तयार करतो. मूळ चिपला १ मायक्रोफॅरडचे कॅपॅसिटर लागतात, तर ए हे अक्षर जोडलेल्या सुधारित चिपला ०.१ चे पुरतात. बोर्ड जोडून झाल्यावर काट्याला लावण्यापूर्वी चिपच्या दोन क्रमांकाच्या पायावर साधारण अधिक ८.५ ते १० आणि सहा क्रमांकाच्या पायावर तितकेच उणे व्होल्टेज मिळते का, हे पाहावे. मिळत नसेल तर बहुधा एखादा कॅपॅसिटर उलटा बसला आहे. सहाव्या पायाच्या कॅपॅसिटरची अधिक बाजू ग्राउंडकडे असावी लागते आणि नेमके तेथेच हात चुकतो. त्यानंतर बोर्डच्या नऊ पिनांच्या कनेक्टरवर दोन आणि तीन या पिना एका तारेच्या तुकड्याने जोडून संगणकावरून एक अक्षर पाठवावे. तेच अक्षर परत आले तर बोर्ड, केबल आणि ड्रायव्हर या तिघांवरचा संशय एकदम मिटतो.

आता अंतराविषयी. आरएस-२३२ साठी परंपरेने १५ मीटरची मर्यादा सांगितली जाते. कमी वेगाला चांगल्या केबलवर ती ओलांडता येते, परंतु जिनिंगच्या आवारात ते धाडस करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. कारण लांबीपेक्षा अर्थिंगची अडचण मोठी आहे. काट्याच्या केबिनचे अर्थिंग आणि ऑफिसचे अर्थिंग वेगळे असते, आणि जिनिंगच्या मोटारी सुरू होताना त्या दोघांत फरक पडतो. तो फरक आपल्या ग्राउंडच्या तारेतूनच वाट काढतो. आपण काट्यापाशी आरएस-२३२ चे आरएस-४८५, म्हणजे लांब अंतरासाठीची सिरियल पद्धत, करणारा आणि ऑफिसात पुन्हा यूएसबीकडे नेणारा असे दोन कन्व्हर्टर वापरावेत आणि ऑफिसकडचा ऑप्टो-आयसोलेटेड घ्यावा. आयसोलेशनमध्ये विजेची तार न जोडता प्रकाशाने निरोप पोहोचवला जातो, त्यामुळे दोन अर्थिंगांचा संबंधच राहत नाही. त्याला थोडे पैसे जास्त पडतात, पण ते द्यावेत.

एक गोष्ट प्रत्यक्ष पाहिलेली सांगतो. जळगावच्या एका डाळ मिलमध्ये मी अर्धा दिवस सॉफ्टवेअर तपासण्यात घालवला. आकडा दिवसातून चार वेळा आपोआप बिघडायचा आणि आपोआप सुधारायचा. शेवटी केबल हातात घेऊन वाकवली तेव्हा कळले की वरचे आवरण शाबूत होते आणि आतली ग्राउंडची तार कनेक्टरजवळ तुटलेली होती. जवळची मोटार थरथरली की ती टेकायची आणि सुटायची. आपल्या जिनिंगमध्ये तर रुईचे बारीक तंतू कनेक्टरच्या पिनांवर बसून दमट हवेत ओलावा धरून ठेवतात. महिन्यातून एकदा कनेक्टर काढून ब्रशने साफ करावा आणि दोन्ही बाजूंचे स्क्रू घट्ट पिळावेत.

पहिला आकडा गळण्याची तक्रार मात्र मला सर्वांत गंभीर वाटते, आणि तिचा बोर्डशी काहीही संबंध नाही. इंडिकेटर एका सेकंदात अनेकदा वजनाची साखळी पाठवत असतो. संगणक त्या ओघात कोठेही डोके घालतो. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने ‘आलेली पहिली आठ अक्षरे म्हणजे वजन’ असे धरले असेल, तर साखळीच्या मधूनच वाचन सुरू होऊन ४८६० किलोची ट्रॉली ८६० किलोची होऊ शकते. शेतकऱ्याने वर्षभर राबून आणलेल्या मालाची पावती अशी फाटक्या तुकड्यावरून छापली जाणे मुळीच चालणार नाही. बहुतेक इंडिकेटर साखळीच्या आरंभी एसटीएक्स म्हणजे २ हा संकेत आणि शेवटी ईटीएक्स म्हणजे ३ हा संकेत पाठवतात. काहींत फक्त शेवटी कॅरेज रिटर्न, म्हणजे १३ असतो. आपल्या इंडिकेटरच्या पुस्तिकेत हे दिलेले असेल. सॉफ्टवेअरवाल्याला आपण लेखी सांगावे की आरंभीची खूण मिळेपर्यंत आलेले सर्व टाकून द्यायचे, मग शेवटच्या खुणेपर्यंत गोळा करायचे, लांबी तंतोतंत जुळली तरच ती साखळी ग्राह्य धरायची, आणि लागोपाठ किमान तीन साखळ्यांत तेच वजन आले तरच पावतीचे बटण चालू करायचे. वजन स्थिर असल्याची खूण इंडिकेटर पाठवत असेल तर तीही तपासावी. पॅरिटी आता बरोबर लावल्यावर तिचाही उपयोग करून घ्यावा. एका अक्षरात एक बिट बिघडला तर पॅरिटी ते पकडते आणि अशी साखळी सरळ नाकारता येते. हे सर्व काम एखाद्या चांगल्या प्रोग्रामरला एका दिवसाचे आहे. ते होईपर्यंत इंडिकेटरवरचा आकडा आणि पावतीवरचा आकडा शेतकऱ्यासमोर मोठ्याने वाचून जुळवण्याची पद्धत ठेवावी, ही माझी आपणास विनंती आहे.

आणखी एक सूचना. भुईकाटा हा वैध मापनशास्त्र अधिनियम, २००९ खाली पडताळणी होऊन मोहोरबंद झालेला असतो. जी काही जोडणी करायची ती बाहेरच्या पोर्टवरच करावी. आतून तार काढण्यासाठी इंडिकेटरचे सील तोडू देऊ नये, मग वायरमन कितीही ओळखीचा असो.

प्रश्न : रावेर तालुक्यात आमचे केळी पिकवणी केंद्र आहे. आठ कक्षांच्या दारांवर तापमानाचे आठ कंट्रोलर आहेत आणि ते आरएस-४८५ ने ऑफिसातल्या संगणकाला जोडले आहेत. सर्वांत लांबचा कक्ष दीडशे मीटरवर आहे. मध्यभागी एक पेटी ठेवून तेथून प्रत्येक कक्षाकडे स्वतंत्र केबल नेली आणि कोणीतरी सांगितल्यावरून प्रत्येक कंट्रोलरवर १२० ओहमचा रेझिस्टर लावला. आता तीनच कंट्रोलर उत्तर देतात, तेही कधीकधी. कन्व्हर्टर कमकुवत आहे का?

उत्तर : कन्व्हर्टरचा दोष नाही, त्याच्यावर फार भार टाकला गेला आहे. १२० ओहमचे आठ रेझिस्टर समांतर जोडले की एकूण १५ ओहम उरतात. आरएस-४८५ चा ड्रायव्हर साधारण ५४ ओहमच्या भारावर दीड व्होल्टचा फरक टिकवण्यासाठी बनवलेला असतो. १५ ओहमवर त्याचा आवाज घशातच राहतो, आणि त्यातही जवळचे दोन-तीन कंट्रोलर कसेबसे ऐकतात. हा रेझिस्टर ओळीच्या फक्त दोन टोकांना लावायचा असतो. सर्वांचा वीजपुरवठा बंद करून ए आणि बी या तारांमध्ये मीटर लावल्यास सुमारे ६० ओहम दिसले पाहिजेत. आपल्याकडे तो पंधराच्या आसपास दाखवील. मीटर लावून स्वतः पाहा, म्हणजे खात्री पटेल.

जोडणीही बदलावी लागेल. मधल्या पेटीतून आठ फाटे काढण्याऐवजी एकच केबल ऑफिसातून पहिल्या कक्षाकडे, तेथून दुसऱ्याकडे, अशी दारावरच्या तोरणासारखी शेवटच्या कक्षापर्यंत न्यावी आणि प्रत्येक कंट्रोलरवर ती आत येऊन तेथूनच पुढे जावी. आता टाकलेल्या केबल वाया जाणार नाहीत. प्रत्येक केबलमध्ये पिळाच्या दोन जोड्या असतील तर एका जोडीने कक्षाकडे जाऊन दुसरीने पेटीत परत येता येते, आणि मग पेटीतच पुढच्या कक्षाची जोडणी करता येते. कागदावर ती रचना तोरणाचीच राहते. अशाने एकूण लांबी वाढते, परंतु आरएस-४८५ ची मर्यादा १२०० मीटरची असल्याने आपल्या अंतराला काही धोका नाही. तिसरी तार ग्राउंडची असावी. दोन तारांवर चालते असे सर्रास सांगितले जाते आणि पुष्कळदा चालतेही, परंतु घेणाऱ्या चिपला उणे ७ ते अधिक १२ व्होल्टपर्यंतचाच फरक सोसतो. कंप्रेसर चालू-बंद होणाऱ्या आवारात त्या मर्यादेच्या भरवशावर राहू नये.

ए आणि बी या अक्षरांचा अर्थ सर्व उत्पादक सारखा लावत नाहीत. एखादा कंट्रोलर अजिबात उत्तर देत नसेल तर त्याच्या दोन तारांची अदलाबदल करून पाहावी, त्याने काही जळत नाही. नव्या कंट्रोलरांचा पत्ता बहुधा एकच, म्हणजे १ असा ठेवून ते कारखान्यातून येतात. मॉडबस या कंट्रोलरशी बोलण्याच्या ठरीव भाषेत, जी १९७९ पासून वापरात आहे, १ ते २४७ पर्यंतचे पत्ते देता येतात, पण एकाच ओळीवर तोच पत्ता दोघांना असला की दोघे एकदम बोलतात आणि कोणाचेच कळत नाही. म्हणून एका वेळी एकच कंट्रोलर जोडून त्याला कक्षाचाच क्रमांक पत्ता म्हणून द्यावा आणि दारावर रंगाने लिहून ठेवावा. पुढे संगणकाकडे स्वतःचा बोर्ड बसवलात तर बोलण्याची आणि ऐकण्याची दिशा बदलणाऱ्या पिनेकडे लक्ष द्यावे. शेवटचे अक्षर तारेवरून पूर्ण गेल्यावरच ती पिन ऐकण्याकडे वळवायची असते. मॉडबसच्या आरटीयू पद्धतीत दोन निरोपांमध्ये किमान साडेतीन अक्षरांची शांतता लागते आणि ९६०० च्या वेगाला ती सुमारे ४ मिलिसेकंद होते. वळवायला त्याहून उशीर झाला तर कंट्रोलरच्या उत्तराची सुरुवात हुकते.

पिकवणी कक्षात आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या वर ठेवावी लागते, हेही विसरू नये. कंट्रोलरच्या स्क्रूखाली तांब्याच्या तारा हिरव्या पडलेल्या मी तेथे पाहिल्या आहेत. तारांच्या टोकांना लग्ज दाबून लावावेत, केबल पेटीत खालच्या बाजूने ग्लँडमधून आत घ्यावी आणि आत शिरण्याआधी तिला खाली एक वळसा द्यावा, म्हणजे केबलवरून ओघळणारे पाणी तेथूनच खाली गळून जाईल. तापमान चुकीचे दिसले तर पूर्ण कक्षातला माल एकतर कच्चा राहतो किंवा काळा पडतो, तेव्हा या बारीक कामाला वेळ द्यावा.

प्रश्न : मी धुळ्यात इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करत आहे. ८०५१ या मायक्रोकंट्रोलरच्या बोर्डवरून संगणकाकडे ९६०० च्या वेगाने अक्षरे पाठवतो, पण पडद्यावर भलतेच काही येते. प्रोग्राम वर्गमित्राच्या बोर्डवर बरोबर चालतो. दोन्ही बोर्डांत फरक एवढाच की माझ्याकडे १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल आहे आणि त्याच्याकडे ११.०५९२ चा.

उत्तर : तुझे निरीक्षण अचूक आहे, कारण तोच आहे. ११.०५९२ मेगाहर्ट्झला १२ ने भागले की ९,२१,६०० येतात, त्याला ३२ ने भागले की २८,८०० आणि टायमरने ३ ने भागले की नेमके ९६००. हा विचित्र वाटणारा आकडा याचसाठी निवडलेला आहे. १२ मेगाहर्ट्झवर हेच गणित केल्यास ३१,२५० येतात आणि ३ ने भागून १०,४१७ चा वेग मिळतो, म्हणजे साडेआठ टक्के जास्त. घेणारा संगणक प्रत्येक अक्षराच्या सुरुवातीच्या बिटाला घड्याळ लावतो आणि पुढचे नऊ बिट त्या अंदाजाने वाचतो. शेवटच्या बिटापर्यंत पोहोचेतो हा फरक साचून पाऊण बिटाच्याही वर जातो आणि तो शेजारचा बिट वाचतो. दोन्ही बाजूंचा मिळून फरक दोन-तीन टक्क्यांच्या आत असावा. एक तर क्रिस्टल बदल, नाहीतर १२ मेगाहर्ट्झवरच वेग २४०० ठेवून टायमरला १३ ने भागायला लाव. तेव्हा फरक टक्क्याच्या पाचव्या भागापेक्षाही कमी राहतो. प्रकल्पाच्या वहीत हे गणित लिही, परीक्षक ते नक्की विचारतात.

प्रश्न : शहादा तालुक्यातल्या दूध संकलन केंद्रात फॅटचे यंत्र आणि वजनकाटा आहे. दोन्हींना मागे नऊ पिनांचा पोर्ट आहे. मुलाने ईएसपी३२ या वाय-फाय असलेल्या मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड थेट जोडून आकडे मोबाइलवर आणण्याचा प्रयत्न केला. दोन बोर्ड जळाले.

उत्तर : ईएसपी३२ च्या पिनेला ३.३ व्होल्ट सोसतात आणि त्या पोर्टवर उणे ९-१० व्होल्ट असतात, त्यामुळे बोर्ड वाचणे शक्यच नव्हते. मध्ये मॅक्स३२३२ चा छोटा बोर्ड घालावा आणि त्याला पुरवठा ३.३ व्होल्टचाच द्यावा. साधा मॅक्स२३२ घेऊ नये, कारण तो ५ व्होल्टवर चालतो आणि ईएसपीच्या बाजूलाही ५ व्होल्टच देतो. दोन यंत्रे एकाच पोर्टवर आणता येत नाहीत, परंतु ईएसपी३२ मध्ये तीन सिरियल पोर्ट असतात. एक प्रोग्राम भरण्यासाठी राखून उरलेले दोन या दोन यंत्रांना द्यावेत. जोडण्यापूर्वी यंत्राची बोलणारी तार दोनवर आहे की तीनवर, हे पहिल्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे मीटरने पाहावे, कारण दोन्ही प्रकारची यंत्रे बाजारात आहेत. मुलाला रागावू नये, त्याची कल्पना चांगली आहे.

प्रश्न : भुसावळजवळ आमची खडी क्रशर आहे. पत्र्याच्या केबिनमधला इंटरफेस बोर्ड मे महिन्यात दुपारी बारा ते चार बंद पडतो आणि संध्याकाळी आपोआप चालू होतो. पहिल्या वळवाच्या पावसात तर कन्व्हर्टरच गेला.

उत्तर : या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४५ अंश असतात, तेव्हा पत्र्याच्या केबिनमधल्या बंद पेटीत तापमान कोठे जात असेल याचा अंदाज करावा. सामान्य दर्जाचे चिप ७० अंशांपर्यंतच्याच हमीचे असतात, औद्योगिक दर्जाचे ८५ पर्यंत. आपण पाठवलेल्या छायाचित्रात ७८०५ हा रेग्युलेटर १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करताना दिसतो. बोर्ड ३०० मिलिअँपिअर घेत असेल तर मधले ७ व्होल्ट गुणिले ०.३, म्हणजे दोन वॅटच्या वर उष्णता त्या एकाच चिपवर तयार होते, आणि तो मर्यादेपलीकडे तापला की स्वतःला बंद करून घेतो. संध्याकाळी तो पुन्हा चालू होतो याचे कारण हेच. त्याच्या जागी स्विचिंग प्रकारचा बक कन्व्हर्टर बसवावा, पेटी पश्चिमेच्या भिंतीवरून काढून उत्तरेच्या भिंतीवर न्यावी आणि खालीवर जाळीदार छिद्रे ठेवावीत. खडीच्या धुळीसाठी छिद्रांना फिल्टरचे कापड लागेल, ते आठवड्याला झटकावे. इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर बदलताना १०५ अंशांचे घ्यावेत. दर दहा अंशांच्या वाढीला त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते.

वळवाच्या पावसात केबलवर विजेचा जो झटका येतो तो थेट वीज पडल्यानेच येतो असे नाही, जवळपास पडलेली वीजही लांब केबलवर पुरेसे व्होल्टेज उठवते. आरएस-४८५ च्या दोन्ही टोकांना एसएम७१२ हा टीव्हीएस डायोड आणि केबल पेटीत शिरते तेथे गॅस डिस्चार्ज ट्यूब लावावी; हे दोन्ही भाग जादा व्होल्टेज आपल्यातून वळवून बोर्डला वाचवतात. केबलची शील्ड, म्हणजे तारांभोवतीचे धातूचे आवरण, एकाच टोकाला अर्थ करावी आणि त्या अर्थिंगच्या खड्ड्याला उन्हाळ्यात पाणी घालत राहावे, कारण कोरड्या मुरमात अर्थिंग नावापुरतेच उरते. आकाश भरून आले की केबल काढून ठेवण्याचा नियम काटेकरी आणि वॉचमन या दोघांनाही सांगून ठेवावा.